मागे राहिलेले सोळा टक्के

एव्हरेट रॉजर्स यांचे 'डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स' पुन्हा वाचताना

शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत 'तंत्रज्ञान आणि समाज' या विषयावर बोलण्याची वेळ आमच्यावर अधूनमधून येते. अशा वेळी फळ्यावर एक आकृती काढायची आमची जुनी सवय आहे. घंटेच्या आकाराचा एक वक्र काढायचा, त्याचे उभे पाच भाग करायचे आणि डावीकडून उजवीकडे टक्केवारी लिहायची: अडीच, साडेतेरा, चौतीस, चौतीस आणि सोळा. नवे तंत्र आले की आधी मूठभर धाडसी लोक ते घेतात, त्यांच्यामागून जाणते लोक, मग बहुसंख्य, मग उरलेले बहुसंख्य आणि सर्वांत शेवटी मागे रेंगाळणारे सोळा टक्के, हे सांगायचे. आकृती सोपी आहे, पटकन पटते आणि वर्गात दोन-चार जण हसून एकमेकांकडे बोटही दाखवतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका वर्गानंतर प्राथमिक शाळेतल्या एक बाई थांबल्या. "सर, हे चित्र मी आधी पाहिलंय," त्या म्हणाल्या. तालुक्याच्या गावी एका कार्यालयात कुठल्याशा नव्या आभासी नाण्याची योजना समजावून सांगणाऱ्या माणसाने हेच चित्र पडद्यावर दाखवले होते. पहिल्या अडीच टक्क्यांवर बोट ठेवून तो म्हणाला होता, "तुम्ही आज इथे आहात. पाच वर्षांनी सगळे येतील, तेव्हा तुम्ही कुठे असाल?" बाईंनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पैसे गुंतवले होते. योजना बंद पडली, कार्यालयाला कुलूप लागले. बाईंनी आमच्याकडे तक्रार केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "चित्र तर बरोबर आहे ना सर? मग आमचं काय चुकलं?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन ज्या पुस्तकातून ही आकृती आली ते पुस्तक पुन्हा, या वेळी सगळे, वाचून काढले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशोब आहे. मोठ्या आणि चांगल्या पुस्तकातले नेमके काय लोकप्रिय होते आणि काय मागे राहते, हेही त्यातून कळले.

पुस्तक आणि त्याचा जन्म

एव्हरेट रॉजर्स हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकरी कुटुंबातले. त्यांचे पुस्तक १९६२ साली प्रथम निघाले आणि पाचवी आवृत्ती २००३ मध्ये आली. पुढच्याच वर्षी ते वारले. शेती, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण, विक्रीशास्त्र अशा अनेक क्षेत्रांतल्या लोकांनी हे पुस्तक वापरले आहे. 'नवी कल्पना एका समाजात कालांतराने कशी पसरते' हा त्याचा एकच प्रश्न आहे.

प्रश्नाचे मूळ घरातले होते. रॉजर्सांच्या वडिलांना नवी यंत्रे आवडत, पण संकरित मक्याचे बी घ्यायला ते बरीच वर्षे तयार नव्हते. १९३६ च्या अवर्षणात शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला आणि रॉजर्सांच्या शेतातला सुकून गेला. तेव्हा कुठे वडिलांचे मन वळले. फायदा समोर दिसत असताना शहाणा माणूस इतकी वर्षे का थांबतो, हे कोडे मुलाच्या मनात राहिले.

या कोड्यावर आधीच एक अभ्यास झालेला होता. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी आयोवातल्या दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारून संकरित मक्याच्या प्रसाराची नोंद केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. १९२८ ते १९४१ या काळात दोन शेतकरी सोडून बाकी सर्वांनी ते बी स्वीकारले होते. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण निर्णय झाला तो शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. ऐकण्यापासून पेरण्यापर्यंत सरासरी नऊ वर्षे गेली. बहुतेकांनी पहिल्या वर्षी थोड्याशाच तुकड्यात पेरून पाहिले. ज्याला आपण शाळेत प्रयोग म्हणतो तोच हा होता, फक्त त्याची वही नव्हती.

रॉजर्सांनी या आणि अशा शेकडो अभ्यासांतून सर्वसाधारण नियम काढले. कोणतीही नवी गोष्ट किती वेगाने पसरेल हे पाच गुणांवरून ठरते, असे ते म्हणतात: जुन्यापेक्षा ती किती फायद्याची आहे, लोकांच्या चालीरीतींशी किती जुळते, समजायला किती अवघड आहे, थोड्यात करून पाहता येते का, आणि तिचा परिणाम इतरांना दिसतो का. ही यादी अतिशय उपयोगी आहे. सुधारित चूल, शाळेतला संगणक, उकळलेले पाणी, काहीही घ्या, या पाच प्रश्नांनी विचाराला सुरुवात चांगली होते.

उकळलेल्या पाण्याचे उदाहरण तर पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. पेरू देशातल्या लोस मोलिनोस या गावी एका आरोग्यसेविकेने दोन वर्षे घरोघर जाऊन पाणी उकळायला सांगितले. सुमारे दोनशे कुटुंबांपैकी अकरांनी ऐकले. गावात पदार्थांची 'उष्ण' आणि 'थंड' अशी वर्गवारी होती आणि उकळलेले पाणी आजाऱ्याचे मानले जाई. धडधाकट माणसाने ते पिणे म्हणजे स्वतःला आजारी म्हणवून घेणे. शिवाय सेविकेचा घरोबा ज्यांच्याशी झाला त्या बायकांना गावात फारसा मान नव्हता. उष्ण-थंड म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे पपई आणि ताक यांच्याबद्दल हेच बोलले जाते.

टक्केवारी कुठून आली?

आता त्या आकृतीकडे वळू. अडीच, साडेतेरा, चौतीस हे आकडे कोणत्या पाहणीतून निघाले, असे विचारले तर उत्तर आहे: कोणत्याच नाही. आम्ही स्वतः कित्येक वर्षे ते निरीक्षणाचे आकडे आहेत अशा थाटात सांगत होतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

रॉजर्सांनी केले ते असे. प्रत्येकाने नवी गोष्ट कोणत्या वर्षी घेतली याची नोंद केली. अशा नोंदींचा आलेख पुष्कळदा संख्याशास्त्रातल्या प्रसामान्य वक्रासारखा दिसतो. मग सरासरी काढली, प्रमाण विचलन काढले आणि सरासरीपासून एक आणि दोन प्रमाण विचलनांवर रेघा मारल्या. प्रसामान्य वक्र असा कापला की सरासरीच्या आधी दोन विचलनांच्याही पलीकडे २.२८ टक्के उरतात, दोन आणि एक यांच्यामध्ये १३.५९, एक विचलन ते सरासरी ३४.१३, पुढे पुन्हा तितकेच, आणि शेवटी १५.८७. हेच आकडे सोयीसाठी अडीच, साडेतेरा, चौतीस, चौतीस, सोळा असे केले गेले.

म्हणजे ही टक्केवारी समाजाचा गुणधर्म नसून वक्राचा आहे. गावातल्या माणसांच्या उंचीचा आलेख याच रेघांवर कापला तरी सोळा टक्के लोक एका टोकाला पडतील. वार्षिक परीक्षेच्या गुणांचा कापला तरी तेच. शिक्षकांच्या हे चटकन ध्यानात येईल. वर्गातल्या मुलांची क्रमवारी लावायची ठरवली की कोणीतरी शेवटचे येणारच, मग सर्व मुलांना गणित येत असो वा कोणालाच येत नसो. शेवटच्या सोळा टक्क्यांना 'ढ' म्हणणे जितके शास्त्रीय, तितकेच उशिरा येणाऱ्यांना 'मागे रेंगाळणारे' म्हणणे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. सरासरी काढायची तर सर्वांची नोंद हातात हवी. म्हणजे प्रसार पूर्ण झाल्यावरच ही आकृती काढता येते. रॉजर्सांनी स्वतः हे मान्य केले आहे की प्रसार अपुरा असेल तर ही वर्गवारी नीट लागू पडत नाही. संकरित मक्याचा पहिला शेतकरी 'पहिल्या अडीच टक्क्यांत' होता हे १९४१ नंतर ठरले. १९२८ मध्ये तो फक्त एक शेतकरी होता, ज्याने नवे बी पेरले होते. त्या वर्षी आणखी कितीतरी गोष्टी कोणीतरी पहिल्यांदा घेतल्या असतील आणि पुढे त्यांचे काहीच झाले नसेल. त्यांचा आलेख कोणी काढत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या शहरांत कमरेला पेजर लावणारे लोक दिसत. ते स्वतःला नव्या युगाचे अग्रदूत समजत असतील. थोड्याच वर्षांत मोबाइल स्वस्त झाला आणि पेजर नाहीसा झाला. ज्यांनी पेजर घेतलाच नाही ते मागे राहिले की पुढे गेले?

तेव्हा 'तुम्ही आज पहिल्या अडीच टक्क्यांत आहात' हे वाक्य खोटे नाही, ते निरर्थक आहे. वक्राचे उजवे टोक माहीत असल्याशिवाय डावे टोक ठरत नाही. त्या योजनेच्या माणसाने आलेखावर बोट ठेवले तेव्हा त्याने भविष्यकाळ आधीच गृहीत धरला होता. बाईंचे चुकले असे म्हणायचे तर एवढेच, की तो गृहीत आहे हे त्यांना कोणी दाखवले नाही. दाखवायचे काम आमचे होते.

जे थांबले, ते का थांबले?

संकरित मक्याच्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांतल्या प्रसाराचे वक्र शेजारी शेजारी मांडले. आयोवा पुढे होते, दक्षिणेतले अलाबामा कितीतरी मागे. अलाबामाचे शेतकरी जुन्या वळणाचे म्हणून? ग्रिलिचेस यांनी दाखवले की उशिराचे एक मोठे कारण साधे होते. संकरित मका हे एकच बी नाही. प्रत्येक हवामानासाठी वेगळा संकर तयार करावा लागतो, आणि अलाबामाला चालेल असा संकर बाजारात उशिरा आला. ज्या भागात नफा मोठा होता तिथे बियाणे कंपन्या आधी गेल्या. नाही ते बी शेतकरी पेरणार कसे? उशीर शेतकऱ्याच्या डोक्यात शोधला जात होता, आणि तो होता बियाण्याच्या पुरवठ्यात.

महाराष्ट्राला तर याचा स्वतःचा अनुभव आहे. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला आणि पुढे खरिपात संकरित ज्वारी पुष्कळ पसरली. उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण ताट ठेंगणे, त्यामुळे कडबा कमी. पीक लवकर तयार होई, ते उशिराच्या पावसात सापडले की दाणे काळे पडत. भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, अशी तक्रार घरोघर होती. कृषी खाते एकरी दाणे मोजत होते. शेतकरी दाणे आणि कडबा दोन्ही मोजत होता, कारण त्याच्या दारात बैल होते. 'फायदा किती' या प्रश्नाची दोन उत्तरे होती आणि दोन्ही बरोबर होती. रब्बीत मालदांडी टिकून राहिली ती हट्टाने नव्हे. आणि लोकांनी आपला अभिप्राय भाषेत नोंदवून ठेवला. दिसायला भरदार पण आतून कसदार नसलेल्या गोष्टीला मराठीत 'हायब्रीड' म्हणतात, ते तेव्हापासून.

रॉजर्सांना हे कळत नव्हते असे नाही, आणि इथे त्यांच्या पुस्तकाचा मोठेपणा आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी स्वतःच्या विषयावरच्या टीकेला एक मोठे प्रकरण दिले. या शास्त्रात दोन खोडी आहेत असे त्यांनी लिहिले. पहिली, नवी गोष्ट सर्वांनी घेतलीच पाहिजे आणि लवकर घेतली पाहिजे असे संशोधक धरून चालतो. दुसरी, कोणी ती घेतली नाही तर दोष व्यवस्थेत न शोधता माणसात शोधतो. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटो तोडणाऱ्या यंत्राचे उदाहरण ते देतात. यंत्र झपाट्याने पसरले, प्रसार म्हणून ते यशच. पण लहान बागायतदार धंद्यातून बाहेर पडले, हजारो तोडणी मजुरांचे काम गेले, आणि यंत्राच्या पकडीत फुटू नये म्हणून टोमॅटोच कडक करावा लागला.

स्वतःच्या शास्त्राबद्दल इतके सरळ लिहिणारे लेखक थोडे. पण टीकेचे प्रकरण एका जागी राहिले आणि आकृती दुसऱ्या. 'मागे रेंगाळणारे' हा शब्द पाचव्या आवृत्तीतही तसाच आहे. जगभर फिरली ती आकृती. टीकेचे प्रकरण पुस्तकातच राहिले. आमच्या फळ्यावरही ते कधी आले नव्हते.

बिटकॉइनची कसोटी

नव्या तंत्राच्या स्वीकाराबद्दल आज सर्वांत जोरात दिले जाणारे उदाहरण कूटचलनाचे आहे. 'इंटरनेटलाही लोक हसले होते' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. तेव्हा रॉजर्सांचे पुस्तक या उदाहरणावर घासून पाहू.

बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला आणि २००९ च्या जानेवारीत त्याची पहिली नोंद झाली. एकमेकांवर विश्वास नसलेल्या संगणकांनी, मध्ये कोणतीही बँक न ठेवता, एकच हिशोबवही सांभाळायची आणि तीत कोणी खाडाखोड करू शकू नये, हा प्रश्न अवघड होता. त्याचे चालणारे उत्तर मिळाले ही खरी वैज्ञानिक कामगिरी आहे. तिला किंमत आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत हेही त्या रचनेतच आहे. मात्र ही वही सेकंदाला जेमतेम सात व्यवहार नोंदवू शकते, चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत आणता येत नाहीत, आणि वही राखण्यासाठी प्रचंड वीज लागते.

लेखाच्या शीर्षकात तिला 'रोख' म्हटले होते, म्हणजे देण्याघेण्याचे साधन. २०१० च्या मे महिन्यात अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. पुढे भाव इतका चढला की ही खरेदी चेष्टेचा विषय झाली. भाव चढणार असे वाटत असेल तर खर्च कोण करणार? रोख म्हणून जन्मलेली वस्तू साठवण्याची आणि सट्ट्याची झाली. वापरणारे नव्या वस्तूचा उपयोगच बदलून टाकतात, या प्रकाराला रॉजर्सांनी 'पुनर्शोध' म्हटले आहे. तेव्हा 'बिटकॉइनचा स्वीकार वाढतो आहे' असे कोणी म्हटले की विचारावे: कशाचा? रोखीचा की सट्ट्याचा? २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेत बिटकॉइनवर आधारित फंडांना शेअर बाजारात परवानगी मिळाली, तो दुसऱ्या प्रकारचा स्वीकार होता.

पहिल्या प्रकारचा प्रयोग एका देशाने सरळ करून पाहिला. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने २००१ पासून अमेरिकी डॉलर हेच चलन ठेवले आहे आणि परदेशी गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशांवर तिथली पुष्कळ कुटुंबे चालतात. ७ सप्टेंबर २०२१ पासून तिथे बिटकॉइन कायदेशीर चलन झाले. सरकारने 'चिवो' नावाचे अॅप काढले आणि ते घेणाऱ्याला ३० डॉलर दिले. रॉजर्सांच्या यादीतले जवळजवळ सगळे करून झाले होते: फायदा हातात, करून पाहायची सोय, सगळीकडे जाहिरात, वर कायद्याचे बळ.

फर्नांडो अल्वारेझ, डेव्हिड आर्जेंटे आणि डायना व्हॅन पॅटन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या १८०० कुटुंबांना प्रत्यक्ष भेटून पाहणी केली. अॅप पुष्कळांनी घेतले, बहुतेकांनी सुरुवातीच्या काळातच. पण घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोकांनी ३० डॉलर खर्चून झाल्यावर पुन्हा त्यातून व्यवहार केला नाही. रोख बरी वाटते आणि याच्यावर विश्वास नाही, ही कारणे लोकांनी सांगितली. ज्यांच्यासाठी सगळे चालले होते ती बँकेत खाते नसलेली माणसे वापरणाऱ्यांत थोडी होती. तरुण, शिकलेले, खाते असलेले पुरुष जास्त. २०२१ च्या नोव्हेंबरात सुमारे ६९,००० डॉलरवर गेलेला एका बिटकॉइनचा भाव २०२२ च्या अखेरीस १७,००० च्या खाली होता. तो नंतर पुन्हा चढला, पण महिन्याचे वाणसामान आणणाऱ्या बाईला 'नंतर' उपयोगाचे नसते. २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून बिटकॉइन घेणे ऐच्छिक करण्यात आले.

अशांना कोणी 'मागे रेंगाळणारी' माणसे म्हणेल. आम्हाला ती आयोवाच्या शेतकऱ्यांसारखी वाटतात. त्यांनी छोट्या तुकड्यात पेरून पाहिले, पीक पाहिले आणि पुढच्या वर्षी जुने बी पेरले.

भारतातला अनुभव शेजारी ठेवण्यासारखा आहे. युपीआयची सुरुवात २०१६ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या नोटाबंदीने तिला धक्का मिळाला हे खरे, पण नोटा परत आल्यावरही वापर वाढत राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. इथे रुपया रुपयाच राहिला, खाते आपल्या बँकेतच राहिले, आणि दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन करून पाहता आले. कूटचलनाच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना व्यवहार करायला मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०२० मध्ये रद्द ठरवली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर लावला. कराची पावती म्हणजे मान्यतेचा शिक्का, असे विक्रेते सांगतात. तसे नाही. कर जुगारातल्या बक्षिसावरही असतो.

शेजाऱ्याचा सल्ला

रॉजर्सांच्या पुस्तकातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा विचार शेजाऱ्याचा आहे. माहिती बाहेरून येते, विश्वास जवळच्या माणसाकडून येतो. पण हा शेजारी निःस्वार्थी असतो, हे पुस्तकात न बोलता धरलेले आहे. आमच्या मते पुस्तकाची खरी उणीव इथे आहे.

मक्याचे बी घ्या, असे शेजारी सांगतो तेव्हा त्याला काय मिळते? काही नाही. उलट सगळ्यांचे पीक वाढले तर बाजारभाव पडून त्याचेच थोडे नुकसान. म्हणून त्याचा सल्ला वजनदार. टेलिफोन किंवा युपीआय घ्या, असे तो सांगतो तेव्हा दोघांचाही फायदा आहे. एकट्याचा टेलिफोन काय कामाचा? हाही सल्ला चालण्यासारखा आहे. पण ज्या वस्तूपासून पीक निघत नाही, व्याज येत नाही, आणि जिचा भाव केवळ पुढचा घेणारा किती देतो यावर ठरतो, तिच्याबद्दल शेजारी 'घ्या' म्हणतो तेव्हा त्याचा नफा तुमच्या खिशातून यायचा असतो. तो लबाड असेलच असे नाही. त्याला मनापासून पटलेले असू शकते. पण त्याचा सल्ला आणि विक्रेत्याचे बोलणे यांत आता फरक उरलेला नसतो.

बिटकॉइन आणि तालुक्यातली ती योजना यांना आम्ही एका मापाने मोजत नाही. एकाची हिशोबवही जगासमोर उघडी आहे, दुसरीला बहुधा वहीच नव्हती. पण सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ दोन्हीकडे सारखाच काम करतो. बाईंना योजना सांगितली ती त्यांच्याच शाळेतल्या सहकाऱ्याने, ज्याने महिनाभर आधी पैसे घातले होते.

वर्गात काय करता येईल?

आकृती टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती मुलांनीच काढावी, म्हणजे तिच्यात काय भरलेले आहे ते कळेल. आधी एक खेळ घ्या. चाळीस मुलांपैकी एकाला एक शब्द सांगा. दर फेरीत ज्याला शब्द ठाऊक आहे त्याने चिठ्ठी काढून येईल त्या मुलाच्या कानात तो सांगायचा. एकाचे दोन, दोनाचे चार होतील. मग वेग मंदावेल, कारण चिठ्ठीत निघालेल्याला शब्द आधीच माहीत असेल. कोणाला किती कळले याचा आलेख काढला की इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र येतो. शेवटी कळलेली दोन मुले मंद होती का? नाही, त्यांची चिठ्ठी उशिरा निघाली.

मग मुलांना घरोघर पाठवा. गॅस, दूरदर्शन संच, मोबाइल, युपीआय यांतली प्रत्येक गोष्ट घरात कोणत्या वर्षी आली ते विचारू द्या. वर्षवार बेरीज करून आलेख काढता येईल. खरे काम त्यापुढचे आहे. ज्या घरांत ती गोष्ट सर्वांत शेवटी आली, किंवा आलीच नाही, तिथे पुन्हा जाऊन 'का' हे विचारायचे. वीज नव्हती, पैसे नव्हते, गरज वाटली नाही, घेऊन पाहिली आणि सोडली, अशी उत्तरे येतील. त्यांची वर्गवारी मुलांनी करावी. 'अडाणी' हा रकाना शिक्षकांनी ठेवू नये. तो लागतो का ते मुलांनाच पाहू द्यावे. आणि प्रत्येक वस्तूपुढे आणखी एक रकाना असावा: ही घ्या असे कोणी सांगितले, आणि आपण घेतल्याने त्याला काय मिळाले?

बाईंना आम्ही गेल्या वर्षी पत्र लिहिले. चित्र बरोबर नव्हते, आणि ते आम्हीही चुकीचेच शिकवत होतो, असे कळवले. त्यांचे उत्तर आले. त्यांनी सातवीच्या मुलांकडून ही पाहणी करून घेतली होती. 'कोणी सांगितले' हा रकाना भरताना एका मुलाने विचारले होते, "बाई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" बाईंनी त्याला सगळे सांगितले, असे त्यांनी लिहिले आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.